फाट्यावरचं इंजेक्शन

परंडा तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी औषधं द्यायचो. मोठ्या दुष्काळानंतरची वर्षं होती. विहिरींना पाणी नव्हतं, पण गावोगावच्या दूध सोसायट्यांना चेअरमन होते.

एक विधवा बाई क्षयाच्या इंजेक्शनसाठी आठवड्यातून दोनदा यायची. येताना सकाळची एसटी मिळायची. परतीची गाडी थेट संध्याकाळी, म्हणून भर दुपारी पाच मैल चालत जायची. घरी एकच म्हैस, तिच्यावरच चूल पेटायची, त्यामुळं खाडे पडू लागले. क्षयाला खाडा चालत नाही.

नवे डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "रोगी आपल्याकडं येत नसेल तर आपण त्याच्याकडं जाऊ. सगळं गाव सकाळी डेअरीवर असतं. नर्सबाई तिथंच इंजेक्शन देतील."

कल्पना मलाही पटली. तिच्या गावच्या सोसायटीच्या चेअरमनना तर इतकी पटली की त्यांनी उद्घाटनच ठेवलं. मांडव, कर्णा, हार. दुष्काळी गावात हारांना फुलं कुठून येतात हे मला आजवर कळलेलं नाही. रुग्ण हाच देव यावर चेअरमन बराच वेळ बोलले आणि मग त्यांनी कर्ण्यावरून बाईचं नाव आणि रोग पुकारून तिला पहिली लाभार्थी म्हणून पुढं बोलावलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी डेअरीच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "तिचं दूध आमच्यात मिसळू नका बरं." सेक्रेटरीनं चेअरमनकडं पाहिलं, चेअरमननी घड्याळाकडं. बाई किटली उचलून घरी गेली. पुढच्या इंजेक्शनला ती आली नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही.

मी आणि डॉक्टर तिच्या घरी गेलो. ती म्हशीला वैरण टाकत होती.

"मावशी, आमचं चुकलं," डॉक्टर म्हणाले. "पण इंजेक्शन सोडू नका."

"रोग माजा, दूध माजं, अन् कर्णा तुमचा," ती म्हणाली. "आदी मला इचारलं आसतं तर?"

"आता विचारतो. कुठं देऊ?"

"नर्सबाई परंड्याहून येत्यात त्या एसटीनंच म्या येती न्हवं? ती गाडी आमच्या फाट्यावर थांबती. डायवर च्या पितो तवर टोचा की. म्या तितंच हाय."

फाटा तिच्या दारातून दिसत होता. तिथला चहा मीही प्यायलो होतो.

फाटा केंद्राच्या आधी यायचा, म्हणून औषध नर्सबाईंच्या घरी ठेवावं लागणार होतं, आणि ते नियमात बसत नव्हतं. डॉक्टरांनी रजिस्टरात 'गृहभेट' लिहिलं आणि विषय मिटवला. नर्सबाई घरून सुया उकळून आणू लागल्या. ड्रायव्हर भला माणूस होता, उशीर झाला तर दुसरा चहा मागवायचा.

"अन् दुधाचं काय?" मी एकदा तिला विचारलं.

"खव्याच्या भट्टीवर घालती. भट्टीवाला घंटाभर आटवतो, फकस्त पाणी घातलं का त्येवडं इचारतो."

दीड वर्षात एकही खाडा न पडता तिचा औषधोपचार पुरा झाला. त्याच सुमारास चेअरमन पुन्हा निवडून आले. फाट्यावर पेढे वाटले गेले, त्याच भट्टीच्या खव्याचे. चेअरमननी दोन खाल्ले. बाई अंगानं भरली होती. मी तिच्यापुढं पेढा धरला, तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. घरचंच हाय."