फाटलं की जमलं

माझ्या साडूबद्दल लिहायला बसलोय खरा, पण तो मला नेमका किती कळला होता, हे मोजायला एका हाताची बोटंही जास्त होतील. चहा बिनसाखरेचा, चप्पल डाव्या टाचेला झिजलेली, आणि गम. अकरा वर्षं शेजारच्या टेबलावर बसलो, पण मी त्याला पाहिलं ते जळतच.

माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा. त्याचा बुटांचा कारखाना बंद पडला, तेव्हा मीच त्याला आमच्या फ्रेमच्या दुकानात लावून दिलं. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला म्हणा. पुढे मालकीणबाईंनी लेसरचं यंत्र आणलं. पातळ लाकूड आणि कागद जाळीसारखे कापायचे, थरावर थर चिकटवायचे, की झाडं, डोंगर, पाखरं उभी राहतात. कापायला यंत्र होतं, चिकटवायला माणूस लागणार होता. मला वाटलं, ते काम माझंच. मी जुना.

"बूट चिकटवणारा चित्रं काय चिकटवणार!" मी बाईंसमोर म्हणालो.

"बुटाला अख्खा माणूस पेलायचा असतो, साडूबुवा," तो म्हणाला. "चित्रावर कोण उभं राहणारे?"

बाई हसल्या. मीही हसलो, दात दिसण्यापुरता.

नवा गम आला की तो लाकडाच्या दोन पट्ट्या चिकटवून खिडकीत ठेवायचा, वर पेन्सिलीनं तारीख. चौथ्या दिवशी ओरबाडून उघडायचा. सांधा अलगद सुटला तर गम नापास. लाकडाचे तंतू उपटून आले तर खूश. "फाटलं की जमलं!" लेसरनं जळालेल्या कडांची काजळी ओल्या फडक्यानं पुसत बसायचा, काजळीवर गम धरत नाही म्हणायचा. दुकानात सगळे त्याला डिंकमास्तर म्हणू लागले. मला कुणी कधी कसलाच मास्तर म्हटलं नव्हतं.

घरीही तेच. "धाकटीच्या यजमानांनी फुटलेली बरणी अशी जोडली, सांधा सापडत नाही," बायको म्हणायची. "तुम्हाला साधं पाकीट बंद करायला दिलं तर पत्र बाहेर राहतं आणि जीभ चिकटते."

आमच्याकडे एक रीत होती. शेवटचा थर जो लावेल, त्यानं चित्रामागे पेन्सिलीनं सही करायची. एका वाचनालयाच्या भिंतीसाठी मोठं झाड करायचं होतं. तीन थर लाकडाचे, आठ कागदाचे. त्याच्यामागे माझं नाव यावं, एवढंच मला हवं होतं. बाईंनी काम त्याला दिलं.

मध्येच तो दाढ काढायला दोन दिवस रजेवर गेला. "लाकूड लावून झालंय," जाताना म्हणाला. "कागदाला हात लावू नका. त्याचा स्प्रेचा गम यायचाय अजून."

मी लावला. लाकडाचा पांढरा गम ब्रशनं फासून आठही कागद एकमेकांवर बसवले. पांढऱ्या गमात पाणी असतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. थोड्यानं काय होतंय, म्हटलं. संध्याकाळपर्यंत कागद फुगून झाडाला पोट आलं.

तो परतला तो गाल सुजवून. झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तेवढ्यात बाई आल्या.

"हे काय झालं?"

"माझा अंदाज चुकला, बाई," तो तोंडातल्या बोळ्याआडून म्हणाला. "कागद पुन्हा कापून द्या."

पुढचे तीन दिवस तो स्प्रेचा हलका फवारा मारत एकेक कागद बसवत होता. शेवटचा कागद उचलून म्हणाला, "या, त्या टोकाला धरा." आम्ही तो मिळून ठेवला. मग त्यानं कानामागची पेन्सिल काढून पुढे केली.

"मी कशाला?" मी म्हणालो.

"शेवटचा थर तुमचाही नाही का?"

मी सही केली. फक्त माझी. त्याला पेन्सिल परत दिली नाही. बाईंनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, तो टाळ्या वाजवत होता. मी निवायला हवं होतं, पण आणखीच जळलो. चूकही त्यानं घेतली आणि मोठेपणाही. कधी कडकडून भांडलो असतो तर बरं झालं असतं. पण फाटावं इतके आम्ही चिकटलोच नव्हतो.

'बाईंना सांगतो, ते झाड तुमचं आहे,' हे वाक्य मी महिनाभर घोळवत होतो. एका रविवारी सकाळी धाकटीचा फोन आला. तो झोपेतच गेला होता. आदल्या संध्याकाळी तो दुकानाच्या दारात चपला घालत होता. माझ्यासमोर गमाचा डबा उघडाच होता.

"साडूबुवा," मी हाक मारली.

"हं?"

"काही नाही. सोमवारी बोलू."

"बोलू की. झाकण लावलंत ना डब्याचं?"

"लावलं."

"मग ठीक."