देव घरा गेला ना?

नेरूळच्या विसर्जन तलावावर काका दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे असायचे. समोर कुणी गणपती धरला तरी हात पुढे यायचे नाहीत. आधी प्रश्न यायचा, "देव घरा गेला ना?"

म्हणजे उत्तरपूजा झाली का. काका जवळच्या दिवाळे गावचे कोळी. गणपतीत कंत्राटदाराकडे रोजावर मूर्ती बुडवायचे. तुम्ही तिथे गेला असाल, तर तुम्हीही या प्रश्नाला उत्तर दिलं असेल.

एकदा एक बाई म्हणाल्या, "घाईत राहिली हो पूजा." काकांनी त्यांना बाजूला बसवलं. "दही ठेव हातावर, अक्षता टाक, जा म्हन. मी थांबतू." मागे रांग ओरडत होती आणि हे खरंच थांबले.

एकदा काठावर कुणाच्या हातून मूर्ती फुटली. लोक विटंबना, विटंबना करायला लागले. काका शांतपणे म्हणाले, "इटंबना देवाची व्हते. देव गेला का ती माती हाय. देव आत असताना बुडवला, ती इटंबना. ती मी नाय करनार."

मागच्या वर्षी मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. गुरुजी दुसऱ्या सोसायटीत अडकले आणि ढोलवाल्यांना सातला सुटायचं होतं. आम्ही उत्तरपूजा न करताच निघालो. तलावावर काकांनी विचारलं. मी हसत म्हणालो, "हो, गेला." तेव्हा कुठे त्यांचे हात पुढे आले.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर व्हिडिओ आला. टेम्पोत न विरघळलेल्या मूर्ती रचताना काकांचा पाय एका मूर्तीच्या खांद्यावर होता. भगव्या फेट्यावरून ती आमचीच, हे सगळ्यांनी ओळखलं. विटंबनेचा तक्रार अर्ज मीच लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे.

कंत्राटदार त्यांना घेऊन आमच्या हॉलमध्ये आला. मखर अजून तसंच होतं. कमिटी म्हणाली, नाक घासा.

काकांनी माझ्याकडे बघितलं. "यांनीच सांगतलं, देव घरा गेला."

सगळे माझ्याकडे वळले. खरं बोललो असतो, तर नाक मला घासावं लागलं असतं. मी म्हणालो, "मूर्ती ती मूर्ती. आम्हाला अर्थ शिकवू नका."

त्यांनी रिकाम्या मखराकडे बघून विचारलं, "कोनासमोर घासू? देव त गेला."

कुणीतरी हसलं. काका गुडघ्यांवर बसले आणि फरशीवर नाक घासलं. त्याचाही व्हिडिओ निघाला, तो मीसुद्धा पुढे पाठवला. कंत्राटदाराने त्याच दिवशी त्यांना काढलं.

यंदा उत्तरपूजा मी स्वतः केली. मूर्तीच्या हातावर दही ठेवलं, अक्षता टाकल्या. तलावावर नवा माणूस होता. मूर्ती धरून मी त्याच्यापुढे उभा राहिलो. त्याने काहीच विचारलं नाही, हात मात्र पुढे केले.

मीच म्हणालो, "देव घरी गेलाय."

"बरं," तो म्हणाला, "पुढे चला."