निकेल तापवलं तेव्हा

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. मी नागपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात धातुशास्त्रात एम.टेक. करत होते. माझा विषय लोखंडावर निकेलचा थर चढवण्याचा होता. टाकीतल्या हिरव्या द्रावणात थोडं फॉस्फरसचं आम्ल घालायचं, सिलिकॉन कार्बाइडची पिठासारखी बारीक भुकटी टाकायची, ढवळत राहायचं आणि वीज सोडायची. निकेल लोखंडावर चढताना ते कण स्वतःत धरून ठेवायचं, चिक्कीत तीळ बसतात तसे.

थर चांगला येऊ लागला, तसं माझे सर म्हणाले, "आता हा भट्टीत तापव."

मी दचकलेच. चुलीत पडलेल्या विळ्याची धार जाते, हे मी घरी पाहिलं होतं. "सर, मऊ पडेल ना?"

"तापवून बघ. मी आधी काही सांगणार नाही."

त्याच आठवड्यात बाबा आले. नरखेडकडे आमची संत्र्याची बाग होती. विहिरीच्या पाण्यातून बारीक रेती यायची आणि पंपाच्या दांड्यावरची लोखंडी नळी खरवडून टाकायची. बाबांनी काटोलच्या टर्नरकडून नवी नळी करून घेतली होती. दुपट्ट्यात गुंडाळलेली ती नळी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

"याले तुह्या टाकीत बुडवून दे न वं. पाहू काय होते ते."

सरांनी नळी हातात घेऊन निरखली आणि आनंदाने हो म्हटलं. नळीसोबत मी लोखंडाची एक छोटी पट्टीही टाकीत सोडली, म्हणजे चाचणी पट्टीवर करता येईल. बाबा रात्री बेसाला आत्याकडे राहिले. नागपूरला लागून असलेलं बेसा तेव्हा गावच होतं. सकाळी ते माझ्याही आधी कॉलेजच्या फाटकाशी उभे होते.

कठीणपणा मोजायच्या यंत्रात हिऱ्याचं बारीक टोक असतं. ठरावीक वजनाने ते धातूवर दाबायचं आणि उमटलेला चौकोनी ठसा सूक्ष्मदर्शकातून मोजायचा. पट्टीवरचा ठसा मी बाबांना दाखवला. एक डोळा मिटून ते बराच वेळ वाकून राहिले.

मग पट्टी आणि नळी दोन्ही भट्टीत ठेवली. काटा चारशे अंशांवर आला. भट्टीचं दार बंदच होतं, आणि आम्ही तिघं समोर चहा घेत बसलो. बाबा सरांना बागेत पावसाच्या तोंडावर येणाऱ्या मृग बहाराबद्दल सांगत होते, पण नजर भट्टीवर होती.

सगळं थंड झाल्यावर मी पट्टीवर पुन्हा हिरा दाबला. सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि वाटलं, वजन चुकलं. तपासलं, वजन तेच होतं. दुसऱ्या जागी दाबलं, तिसऱ्या जागी दाबलं. प्रत्येक ठसा आधीपेक्षा स्पष्ट लहान.

"काहून लहान झाला वं?" बाबांनी विचारलं.

"कठीण झालं बाबा. हिरा आत घुसूनच नाही राहिला."

सर आता बोलले. थरात विखुरलेला फॉस्फरस आचेने निकेलशी जुळतो आणि आतल्या आत अतिशय बारीक, कठीण कण तयार होतात. भुकटीचे कण असतातच, त्यांना धरून ठेवणारं निकेलही घट्ट होतं. मात्र आच फार वाढवली, तर तेच कण मोठे होऊन थर पुन्हा मऊ पडतो.

बाबा भट्टीकडे बघत म्हणाले, "म्हणजे आपण चहा पिऊन राहिलो होतो, अन् याच्या पोटात एवढं सारं होऊन राहिलं होतं!"

सरांनी हा प्रयोग अनेकदा केलेला असणार, तरी तेही पुन्हा एकदा सूक्ष्मदर्शकावर वाकले.

त्या उन्हाळ्यात पंप चालला. दिवाळीत मी घरी गेले, तेव्हा बाबांनी तो माझ्यासमोर उघडला. एरवी एका हंगामात नळीवर खोल चऱ्या पडायच्या. या नळीवर थोड्या पुसट रेघा होत्या, बस्स. बाबांनी तिच्यावरून नख फिरवलं, मग आईला बोलावून तिलाही फिरवायला लावलं.

पुढे या विषयातच माझी बरीच वर्षं गेली. तापवलेला थर कठीण का होतो, हे आता मी न अडखळता शिकवते. पण वर्गात एखादी मुलगी तो ठसा पहिल्यांदा पाहते आणि वजन पुन्हा तपासायला हात पुढे करते, तेव्हा मी बोलायची थांबते. तिला पाहू देते.