क्लचवरचा पाय

मानेसरला कारखाने उभे राहत होते आणि गुडगावात रोज नवा सेक्टर निघत होता, त्या काळात मी एका ट्रान्सपोर्ट कंपनीत ट्रॅफिक मॅनेजर होतो. मोटारींचे सुटे भाग एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात पोचवायचे, एवढंच काम. पुण्याहून इंजिनिअर होऊन आलेला, तिशीच्या आतला, आणि जगाला शिस्त लावायला आपल्यालाच पाठवलंय अशी खात्री बाळगून असलेला. ट्रक मला चालवता येत नव्हता. त्याचं तेव्हा काही वाटत नसे.

कारखाने वाढले तसे ड्रायव्हर कमी पडायला लागले. नवा माणूस आला की त्याला एका जुन्या ड्रायव्हरच्या हवाली करायचं, ही तिथली रीत. जुना तो उस्ताद. पहिला महिना नव्याच्या हाती स्टिअरिंग येतच नसे. टायर दांडक्यानं ठोकून आवाजावरून हवा ओळखायची, ताडपत्रीचे दोर आवळायचे, उस्तादाचा चहा आणायचा आणि शिव्या खायच्या. मग एके दिवशी उस्ताद आपण होऊन डावीकडच्या सीटवर सरके आणि नव्याला चालवू देई. पुढे कधीतरी मालकाला सांगे, "पक्का है." त्या दोन शब्दांवर नव्याला स्वतःचा ट्रक मिळायचा. तोवर माणूस कच्चा.

आमच्याकडचा सगळ्यात जुना उस्ताद पंचावन्नच्या पुढचा होता. अक्षरशत्रू, पण गेटवर बसून इंजिनाच्या आवाजावरून कुठल्या गाडीला काय झालंय ते सांगायचा. त्याच्याकडे मी एक पस्तिशीचा माणूस दिला. त्याच्या गावची जमीन सेक्टरांत गेली होती, आलेला पैसा पक्क्या घरात आणि भावाभावांच्या भांडणात संपला होता. बारावीपर्यंत शिकलेला, तीन पोरांचा बाप, आणि येत काय होतं, तर ट्रॅक्टर चालवणं. उस्तादानं पहिल्याच दिवशी त्याचं नाव ट्रॅक्टर ठेवलं आणि यार्डात सगळे त्याला तेच म्हणू लागले.

त्याला एक खोड होती. गिअर टाकून झाला तरी डावा पाय क्लचवरच ठेवून द्यायचा. शेतात ते खपून जातं, भरलेल्या ट्रकची क्लचप्लेट त्यानं जळते. उस्तादानं त्याला डाव्या पायातली चप्पल काढायला लावली, म्हणजे पाय कुठे आहे ते त्यालाच कळावं. तरीही पाय क्लचवर गेला की टायर ठोकायचं तेच दांडकं गुडघ्यावर बसायचं.

एकदा तो लंगडत माझ्या केबिनमध्ये आला. गुडघा टरारून सुजला होता. माझं डोकंच फिरलं. तीन पोरांच्या बापाला मारता? त्याच दिवशी मी हिंदीत नोटीस टाइप करून यार्डात लावली: शिकाऊ ड्रायव्हरला मारहाण किंवा शिवीगाळ केल्यास कामावरून काढलं जाईल. उस्तादाला ती वाचून दाखवली ट्रॅक्टरनंच, दुसरं कोण वाचणार? उस्तादानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हात जोडले आणि म्हणाला, "जो हुकुम, साहब."

त्यानंतर त्यानं हुकूम पाळला. दांडकं नाही, शिवी नाही, शब्दही नाही. डावीकडच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघायचा.

पंधरा दिवसांनी ट्रॅक्टर माझ्याकडे आला. मालकानं महिनाअखेरची मुदत दिली होती. तोवर पक्का नाही झाला तर घरी.

"साहब, वो काग़ज़ हटा दीजिए."

"का? मारतात अजून?"

"मारते भी नहीं, सिखाते भी नहीं. ग़लती कहाँ हुई, पता ही नहीं चलता."

मी त्याला माणसाच्या प्रतिष्ठेवर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. तो मान खाली घालून ऐकत होता. नोटीस काढली नाही. मात्र शेवटच्या आठवड्यात, बघू तरी काय चाललंय म्हणून, त्यांच्या ट्रकमध्ये दोघांच्या मधे जाऊन बसलो.

माल फरिदाबादला जायचा होता. गुडगावहून निघालं की वाटेत अरवलीचा चढ लागतो. ट्रक पूर्ण भरलेला, पुढे दगडांच्या डंपरांची रांग. ट्रॅक्टरचा अनवाणी पाय क्लचवर होता, मला दिसत होता. उस्तादालाही दिसत होता. त्याचा हात सीटखालच्या दांडक्याकडे गेला, तिथेच थांबला आणि परत मांडीवर आला. थोड्याच वेळात जळका वास सुटला. इंजिन ओरडत होतं आणि गाडी जागची हलेना. चाकांमागे दगड लावून आम्ही खाली उतरलो.

मी उस्तादावर मराठीतच ओरडलो. पाय दिसत होता ना? मग तोंडानं सांगता येत नव्हतं?

"क्या सांगू, साहब?" त्यानं माझाच शब्द उचलला. वेडावणं नव्हतं ते, तो खरंच विचारत होता. मग त्यानं डावी चप्पल काढून पाऊल माझ्यापुढे धरलं. वरच्या बाजूला गोल, पांढरट डाग होते, सात-आठ तरी. "मेरे उस्ताद बीड़ी लगाते थे. पैर क्लच पे गया, कि बीड़ी. मैंने तभी क़सम खाई थी, अपने किसी चेले को बीड़ी नहीं लगाऊँगा. तीस साल में नहीं लगाई. मैं तो बस डंडा रखता हूँ. मुँह से कैसे सिखाते हैं, ये मुझे किसने सिखाया?"

नोटीस लावण्याआधी ह्या माणसाला मी एकदाही विचारलं नव्हतं की तू कसा शिकलास. लाज वाटली.

पुढच्या पीसीओवरून मालकाला फोन केला. तो म्हणाला, चालवत कोण होतं ते रिपोर्टमध्ये लिहा, त्याची आजच छुट्टी. मी परत येऊन दोघांना ते सांगितलं. उस्तादानं क्षणभरही विचार केला नाही.

"मेरा नाम लिखो. मुझे कहीं भी गाड़ी मिल जाएगी. इसे कौन रखेगा?"

यार्डात आल्यावर मी तसाच रिपोर्ट लिहिला. नोकरीतला माझा पहिला खोटा कागद. उस्तादानं अंगठा उठवला आणि चहा प्यायला गेला. साक्षीदार म्हणून ट्रॅक्टरची सही हवी होती. त्यानं कागद सावकाश वाचला, माझंच पेन घेतलं, उस्तादाचं नाव खोडलं आणि तिथे स्वतःचं लिहिलं.

"अरे, तीन पोरं आहेत तुला," मी म्हणालो.

"इस उमर में उनको कोई गाड़ी नहीं देगा, साहब. वो भी जानते हैं." पेन टेबलावर ठेवत तो पुढे म्हणाला, "उनको बताना मत. वो मुझे कच्चा समझते हैं, ठीक है. दिया हुआ लौटाया, तो अहसान-फ़रामोश न समझें."

तो कपड्यांची पिशवी उचलून मागच्या गेटनं निघून गेला. मी त्याला अडवलं नाही. खरा रिपोर्ट हाती आल्याचं मला थोडं बरंसुद्धा वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद हिशेब घ्यायला आला, तर त्याचा ट्रक त्याच्याच नावावर उभा. ट्रॅक्टर कुठेच नाही. तो तडक माझ्या केबिनमध्ये शिरला.

"नाम किसने बदला?"

"मैंने," मी म्हणालो.

तो म्हणाला, "मैंने अँगूठा आपके भरोसे लगाया था." आणि दार न लोटता निघून गेला. त्यानंतर मी ती कंपनी सोडेपर्यंत, जवळजवळ चार वर्षं, तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही.