रणपिसे वाढतात

लखनौच्या विकास नगरमधल्या एका घराच्या वरच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा मराठी ख्रिस्ती मंडळी जमते. कुणी जानकीपुरमहून येतं, कुणी वृंदावन योजनेतून अर्धं शहर ओलांडून, ट्रॅफिकला शिव्या देत आणि प्रार्थनेआधी त्याबद्दल क्षमा मागत. भक्ती झाली की प्रीतिभोजन. पंगत अहमदनगरच्या पद्धतीने सतरंजीवर बसते, आणि वाढतात रणपिसे.

चंद्रशेखर रणपिसे मंडळीचे वडील, म्हणजे पुढारी. बँकेच्या नोकरीत नगरहून लखनौला आले आणि निवृत्त होऊन इथलेच झाले. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तर आपण निदान रस्सा तरी वाढावा, असा त्यांचा सरळ विचार. पुढाऱ्याने शेवटी जेवायचं, हा नियम त्यांनीच घातला आणि इतक्या निष्ठेने पाळला की दुसऱ्या कुणाच्या हाती पळी कधी गेलीच नाही. कुणी मागितली तर, "बसा हो, मी आहे ना." भल्या माणसाचा हट्ट मोठा चिवट, त्याला नावं ठेवायचीही चोरी.

त्यांची बायको मुक्ता मात्र खुशाल नावं ठेवायची. "तुम्ही सेवा करता, की दुसऱ्यांना करू देत नाही?" ते हसून वेळ मारून न्यायचे. सगळे पांगल्यावर ती स्वयंपाकघरात त्यांचं ताट वाढायची आणि समोर स्टूल ओढून बसायची. त्यामुळे रणपिसेंना जेवताना मंडळीतल्या कुणी पाहिलंच नव्हतं.

फेब्रुवारीत मुक्ता गेली. किडन्या निकामी झाल्या होत्या, वर्षभर डायलिसिस चाललं होतं. रणपिसे रडले नाहीत. कब्रस्तानात त्यांनी पेटीवर माती टाकली, आलेल्यांना पाणी दिलं, कुणाची गाडी कुठे उभी आहे ते सांगितलं. "अंकल का विश्वास देखो," तरुण पोरं आपसांत म्हणाली.

विश्वास कसला! आत काही हलतच नव्हतं. ते सकाळी उठायचे, सब्जी आणायचे, टीव्ही लावायचे, झोपायचे. शेजाऱ्यांकडे पाहुणे आलेत हे जसं माहीत असतं, तसं ती नाही हे त्यांना माहीत होतं. आता आपण कायमचे असेच राहणार, एवढी एक भीती वाटायची, आणि तीही लांबून.

महिन्याने मंडळीने स्मरणभक्ती ठेवली. गीतं झाली, मुक्ताबद्दल चार जण बोलले. मग पंगत बसली. रणपिसे उठले, त्यांनी बाह्या सरसावल्या आणि पळी उचलली.

कुणीही अडवलं नाही. माणसं वाईट नव्हती हो. रणपिसे वाढतात, हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की बायकोच्या स्मरणाच्या जेवणात नवरा वाकून वाकून रस्सा वाढतोय आणि आपण "भाऊ, थोडा इकडे" म्हणत ताट पुढे करतोय, यात कुणाला काही वावगं दिसेना. दिसलं ते शर्वरीला. ही पुण्याची मुलगी जानकीपुरमच्या औषध संशोधन संस्थेत नुकतीच रुजू झाली होती, मंडळीत पहिल्यांदाच येत होती. इथली रीत तिला ठाऊक नव्हती.

ती उठून त्यांच्याजवळ आली. "काका, आज तुम्ही कशाला वाढताय? बसा ना तुम्ही."

"मला सवय आहे बेटा. तू जेव."

"नाही, द्या इकडे." तिने पळी धरली. त्यांनीही सोडली नाही. रस्सा सतरंजीवर सांडला आणि रणपिसेंना संताप आला. मुक्ता गेल्यापासून पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि तेही या परक्या पोरीवर.

"सोड म्हणतो ना," ते ओरडले. शर्वरीचे डोळे भरून आले, पण पळी तिच्या हातात तशीच राहिली. संताप आला तसा गेला, आणि जाताना हातातली ताकदही घेऊन गेला. त्यांनी पळी सोडली.

आता बसायचं कुठे, ते त्यांना कळेना. शेवटी लक्ष्मीकांत नावाचे त्यांचे जुने स्नेही सरकले आणि त्यांनी शेजारी जागा केली. रणपिसे गुडघ्यांवर हात टेकत बसले. समोर इंद्रजित नावाच्या तरुणाचं खाली मान घालून जेवण चाललं होतं. त्याने सवयीने ताट पुढे केलं. "अंकल, थोड़ा रस्सा."

रणपिसे अर्धे उठले. मग थांबले.

"मुक्ता गेली रे," ते म्हणाले. त्याला अजून कुणी सांगितलंच नसावं, तसं. बोलून झाल्यावर ते शब्द त्यांनाच ऐकू आले.

इंद्रजितने ताट खाली ठेवलं. शर्वरी भाताचं पातेलं घेऊन रणपिसेंसमोर वाकली. "किती वाढू, काका?"

त्यांनी लक्ष्मीकांतांकडे पाहिलं. लक्ष्मीकांतांनी बाकीच्यांकडे. रणपिसे किती भात खातात, हे त्या हॉलमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. खुद्द त्यांनाही सांगता येईना. मुक्ता कधी विचारायचीच नाही. ती वाढायची आणि ते पुरायचं.

"माहीत नाही गं," रणपिसे म्हणाले, आणि सगळ्यांदेखत रडायला लागले.