पैलवानाचं कोपर

आमच्या कॉलेजात बेसबॉल आला तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. खेळ आला, पण त्याचं सामान मागेच राहिलं. बेस म्हणून आम्ही वाळू भरलेली सिमेंटची पोती ठेवायचो. मी कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे उकिडवं बसून फेकलेला चेंडू झेलणारा. माझ्या पायांवर हॉकीच्या गोलकीपरचे पॅड असत आणि तोंडावर खेळाच्या सरांनी खिडक्यांचे गज जोडणाऱ्याकडून वेल्डिंग करून आणलेला लोखंडी मुखवटा. उद्घाटनाची फीत तेवढी नवीकोरी होती.

आणि आमच्याकडे पैलवान होता.

पैलवान म्हणजे आमचा पिचर, चेंडू फेकणारा. पेठ वडगावकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, शिकायला कोल्हापुरात आला आणि गल्लीतल्या तालमीत राहिला. पहिल्याच दिवशी त्याने फेकलेला चेंडू माझ्या ग्लोव्हमध्ये असा वाजला की पलीकडे हॉकी खेळणारी पोरं खेळ थांबवून वळली. माझा तळवा संध्याकाळपर्यंत हुळहुळत होता आणि मला इतका आनंद झाला होता की जेवताना मी तो घरात सगळ्यांना दाखवला. आईने त्यावर हळद लावली आणि असल्या मित्राची संगत सोडायला सांगितलं.

महिन्याभरात आम्ही जिंकायला लागलो. इचलकरंजीत जिंकलो, सांगलीत जिंकलो आणि स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचलो. पैलवान फेकायचा आणि समोरचे बॅटर हवेत बॅट फिरवून परत जायचे. रविवारी सामना, सोमवारी सराव, मंगळवारी पुन्हा सराव, शिवाय रोज पहाटे तालमीत मेहनत. विश्रांती हा शब्द त्याच्या लेखी आजारी माणसांसाठी होता.

मग एका दुपारी माझ्या ग्लोव्हमधला आवाज बदलला. पूर्वी तो कोरडा, टिपरीवर टिपरी आपटल्यासारखा यायचा. आता ओलं फडकं दगडावर आपटावं तसा यायला लागला. चेंडूही माझ्या छातीऐवजी डोक्याच्या वर यायला लागले.

"हात दुखतोय का रं?" मी विचारलं.

"दुखतोय की! कोपराच्या आतनं," तो हसत म्हणाला. "लई दुखतोय. तयार व्हायला लागलाय."

हे त्याचं एकट्याचं मत नव्हतं. तालमीत नवा मुलगा जोर-बैठका काढून दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कण्हला की सगळे खूश होतात. अंग धरायला लागलं म्हणतात. दुखणं ही तिथे तक्रार नसते, पावती असते. त्यामुळे कोपर दुखायला लागल्यावर पैलवानाने जे केलं ते त्याच्या जगात अगदी शहाणपणाचं होतं. त्याने खांद्यावरून फिरवायचे जड लाकडी मुद्गल वाढवले. मग आणखी फेकायला लागला.

मी सरांना सांगितलं. सर नुकतेच एका शिबिराहून आले होते आणि तिथून एकच गोष्ट शिकून आले होते. पण ती कामाची होती: फेकणाऱ्याचं कोपर कसं सांभाळायचं. त्यांनी पैलवानाचं कोपर दाबून पाहिलं. पैलवान हसत होता, पण त्याचा दुसरा हात चड्डीचा काठ मुठीत पकडून बसला होता.

"हा हात असाच वापरला तर पुढच्या वर्षी तू भाकरी मोडशील डाव्या हाताने," सर म्हणाले. "कुस्तीही संपली."

कुस्ती म्हटल्यावर पैलवानाचा चेहरा उतरला. गावाला त्याच्या वडलांनी दावणीची म्हैस केवळ त्याच्या दुधासाठी राखली होती. तरीही तो म्हणाला, "वस्ताद सांगतील तसं."

म्हणून आम्ही तालमीत गेलो. वस्ताद लाल मातीच्या हौदाच्या कडेला बसून पोरांच्या कुस्त्या बघत होते. सरांनी पायातल्या चपला काढल्या, नमस्कार केला आणि इंग्रजी शब्दांनी सुरुवात केली. वस्तादांनी ते सगळं ऐकून घेतलं.

"मास्तर," ते म्हणाले, "दुखल्याबिगर पैलवान झालेला तुमी कुटं बघितलाय?"

"मांडी दुखू दे, पाठ दुखू दे. सांधा दुखला तर?"

"सांधा दुखला तर मी पोराला हौदात उतरू देतो व्हय?"

"मग हा सांधाच आहे की."

वस्तादांनी पैलवानाला जवळ बोलावलं, कोपर चाचपलं आणि एकदम त्याच्या टाळक्यात टपली मारली. "सांगाया काय झालं रं तुला? हात दुखतोय म्हणलास. सांधा म्हणलास का?"

मग त्यांनी सरांना फेक करून दाखवायला सांगितली. सरांनी पाय पुढे टाकला, कंबर वळवली आणि हात सर्वांत शेवटी सोडला. जोर पायातून यायचा, कमरेतून वर चढायचा, हाताने तो फक्त चेंडूला द्यायचा, असं ते सांगत होते. वस्ताद उठूनच उभे राहिले.

"अरं, ही तर धोबीपछाड हाय! माणूस कमरंवर घेऊन टाकतोस ना? का नुस्त्या हातानं उचलतोस? मग चेंडू कशाला हातानं ढकलतोस, गाढवा? कमरंतनं घे की!"

पुढचे दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. पैलवानाची फेक बंद. तो फक्त पळायचा, दोरीवरच्या उड्या मारायचा आणि चेंडूशिवाय कंबर वळवायचा. मुद्गल वस्तादांनी स्वतः कुलपात घातले. दुखणं थांबल्यावर जवळून हलकी फेक सुरू झाली, मग लांबून, आणि एका सकाळी तो कोरडा आवाज परत आला. मी मुखवटा काढून मैदानभर पळालो. हॉकीवाल्यांना वाटलं मला मधमाशी चावली.

तोवर अंतिम सामना जवळ आला. आमच्याच मैदानावर, समोर पुण्याचा संघ. सरांनी अट घातली: पैलवान फेकेल, पण हात थकल्याची खूण दिसली की उतरेल. ती खूण ओळखायची कॅचरने. आवाज बदलला की मी मुखवटा डोक्यावर चढवायचा.

हे वस्तादांना जड गेलं. आमच्याकडे लोकांना निकाली कुस्ती लागते. एकाची पाठ मातीला लागेपर्यंत उठायचं नाही. "मधनंच उतरला तर पळाला म्हणतील," ते म्हणाले. "पर हात गेला तर लोक काय देणार? शाल नि नारळ."

सामन्याला शाल आणि नारळ दोन्ही होते. प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि उशीर भरून काढायला जास्त बोलले. हात गरम करून तयार उभा असलेला पैलवान थंड पडायला लागला. वस्ताद सरळ आत आले आणि त्यांनी आपलं घोंगडं त्याच्या खांद्यावर गुंडाळलं. पाहुण्यांना वाटलं सत्कार चाललाय. त्यांनी भाषण थांबवून टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या.

आणि नंतर पैलवान फेकायला लागला! पुण्याच्या पोरांना चेंडू दिसेचना. भिंतीवर, झाडांवर, सायकलींच्या कॅरिअरवर माणसं उभी होती. खेळ कुणालाच नीट कळत नव्हता, पण बॅट हवेत फिरली की सगळं मैदान ओरडायचं. आम्ही एका धावेने पुढे होतो. त्यांचा आता एकच गडी बाद करायचा राहिला होता, पण दुसरा एक तिसऱ्या पोत्यावर, धावेपासून एका टप्प्यावर, पोचला होता.

गोंगाटात मला आवाज ऐकू येईना. पण तळव्याला कळलं. चेंडू जड, मऊ लागला. पुढचा डोक्यावरून गेला असता, मी उडी मारून अडवला. पैलवान माझ्याकडे बघून हसला, आणि त्याचा डावा हात चड्डीचा काठ मुठीत धरून होता.

मी मुखवटा डोक्यावर चढवला.

"आरं ये!" तो तिथूनच ओरडला. "अजून लई दम हाय!"

"दम हाय, कोपर न्हाय! उतर!"

सर आत आले तसं मैदान उसळलं. "पळाला! पैलवान पळाला!" कुणी चप्पल फेकली. तेवढ्यात वस्ताद खुर्चीवर उभे राहिले आणि त्यांचा हौदात कमावलेला आवाज भिंतीपलीकडे गेला.

"म्या उतरीवलाय त्याला! कुणाला काय बोलायचं असंल त्यानं उद्या पहाटं हौदात यावं!"

दुसरी चप्पल काही आली नाही.

पैलवानाच्या जागी इचलकरंजीचा आमचा डावखुरा आला. त्याच्या घरी यंत्रमाग होते आणि तो त्या मागांच्या खडखडाटात वाढल्यामुळे त्याला कसल्याच आरड्याओरड्याचं काही वाटायचं नाही. त्याची फेक इतकी हळू की आम्ही तिला बैलगाडी म्हणायचो. तोपर्यंत विजेसारखे चेंडू बघितलेल्या बॅटरने बैलगाडी यायच्या आधीच बॅट फिरवली. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी चेंडू बॅटच्या काठाला लागून सरळ वर गेला. मी मुखवटा फेकला, वर बघत गोल गोल फिरलो, पॅडमध्ये पॅड अडकून पडलो आणि पडता पडता तो झेलला.

पुढे काय झालं ते नीट आठवत नाही. मी माणसांच्या ढिगाऱ्याखाली होतो. बाहेर आलो तेव्हा पाहुणे पैलवानाजवळ पोचले होते. खेळ त्यांना कळला नव्हता, पण कोल्हापूरचे असल्यामुळे जिंकलेल्या पैलवानाचं काय करायचं ते माहीत होतं. त्यांनी फोटोवाल्याकडे तोंड केलं, पैलवानाचा उजवा हात मनगटाशी पकडला आणि तो आकाशाकडे ओढणार, इतक्यात मागून मैदान हलवणारी हाक आली.

"ओ सायेब! त्यो हात न्हवं! डावा! डावा धरा!"

पाहुण्यांनी दचकून हात सोडला. पैलवानाने लाजत डावा हात पुढे केला. फोटोत तोच वर गेलेला आहे, आणि उजव्यावर, कोपरापासून खांद्यापर्यंत, वस्तादांचं घोंगडं आहे.