खालचे दोन इंच

माझ्या नाकावर राग असतो, हे मी कबूल करतो. फोटो मढवायचं दुकान चालवतोय त्याला अठ्ठावीस वर्षं झाली, आणि या धंद्यात गिऱ्हाईक डोक्यावर बसायला टपलेलंच असतं. प्रत्येकाला वाटतं, चार पट्ट्या ठोकल्या की झाली फ्रेम, त्यात काय एवढं! असं म्हणणाऱ्याच्या हातात मी पट्टी आणि करवत देतो आणि सांगतो, घ्या, कोपरा जुळवून दाखवा. मग गप्प बसतात.

तर अशा माझ्या दुकानात एक दिवस त्या बाई आल्या. नमस्कार नाही, चमत्कार नाही. पहिलं वाक्य काय, तर, "तुमच्या पाटीवर 'फोटो मढवून मिळतिल' असं लिहिलंय. 'ती' दीर्घ हवी."

मी म्हटलं, "बाई, पहिल्या दिवसापासून तीच पाटी आहे. लोकांना फ्रेमा मिळतायत."

"मिळतायत, पण चुकीच्या मिळतायत," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून फोटोंचं पाकीट काढलं.

दुसरं कुणी असतं तर मी बाहेरचा रस्ता दाखवला असता. यांना का नाही दाखवला, कुणास ठाऊक. बाई साठीच्या असतील. किडकिडीत, जाड भिंगांचा चष्मा. छापखान्यात पस्तीस वर्षं मुद्रितं तपासायचं काम केलेलं. म्हणजे पुस्तक छापून निघण्याआधी त्याचे कच्चे कागद येतात, त्यातल्या चुका लाल शाईनं काढायच्या. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या, पण सवय काही निवृत्त झाली नव्हती. माझ्या दुकानामागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकट्याच राहायच्या.

"आठ फोटो आहेत. फ्रेमा नऊ करायच्या," त्या म्हणाल्या.

"नववी कशाला?"

"ते भिंत बघायला याल तेव्हा सांगते."

मी माप घ्यायला गेलो. हॉल लहानसा, पण लख्ख. सोफ्यासमोरच्या भिंतीवर बाईंनी आधीच सगळं मांडून ठेवलं होतं. छापखान्यातले जुने कागद फोटोंच्या मापाचे कापून चिकटपट्टीनं भिंतीवर लावलेले. प्रत्येक कागदावर लाल शाईत लिहिलेलं, कुठे काय येणार ते. 'आई शिवणयंत्रावर'. 'बाबा आणि नवी सायकल'. 'समुद्र'. 'मोठीचं बारसं'. अठ्ठावीस वर्षांत इतक्या पद्धतशीर गिऱ्हाइकाशी माझी गाठ पडली नव्हती. मात्र मी पेन्सिलीची खूण करायला गेलो रे गेलो, की मागून आवाज यायचा, "दोन इंच वर घ्या." वर घेतलं की, "दोन इंच डावीकडे." त्या दिवशी मी त्यांचं नाव ठेवलं दोन इंच बाई. मनातल्या मनात हं. तोंडावर म्हणायची माझी टाप नव्हती.

मधोमध सगळ्यात मोठा कागद होता. त्यावर लिहिलं होतं, 'आपण सगळे'.

"हीच ती नववी," बाई म्हणाल्या. "हा फोटो अजून काढायचाय."

मग त्यांनी आठ फोटो टेबलावर मांडले. आई, वडील, धाकटा भाऊ, पुढे भावजय, दोन भाच्या. मी सगळे बघितले आणि विचारलं, "यात तुम्ही कुठे आहात?"

"मी कॅमेऱ्यामागे. माझ्या पहिल्या पगारातून घेतला होता कॅमेरा. भावाच्या हातात दिला की तो सगळ्यांची डोकी उडवायचा, म्हणून मग मीच काढायचे. आईबाबा जाईपर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नाही, की माझा एकही नाहीये. माझ्याही नाही."

आठातला एकच फोटो त्यांनी काढलेला नव्हता. भाऊ नोकरीसाठी लांब गेला, तिथल्या नव्या घरासमोर चौघं उभी असलेला. त्यानं तो पोस्टानं पाठवला होता. मागे लिहिलेलं, 'आम्ही सगळे'.

"बघा, किती अचूक लिहिलंय," बाई म्हणाल्या. "त्यात मी नव्हते, म्हणून 'आम्ही'. व्याकरण पक्कं आहे त्याचं, मीच शिकवलंय." आणि मग भिंतीवरच्या कागदाकडे बघून म्हणाल्या, "पुढच्या रविवारी येतायत चौघं. अकरा वर्षांनी! दोनतीन तासच आहेत, पुढे जायचंय त्यांना. पण एक फोटो काढायला कितीसा वेळ लागतो? तुम्ही फ्रेम अशी करा, की फोटो फक्त आत सरकवायचा."

मी हो म्हटलं. एवढ्या साध्या गोष्टीसाठी बाईंचा जीव खालीवर होत होता, ते बघून मला जरा हसूही आलं होतं. आता त्या हसण्याची लाज वाटते.

आठ फोटो मी मन लावून मढवले. पट्टी बाईंनीच निवडली होती, साधी, तपकिरी, नक्षी नको म्हणाल्या. आतून पांढरा माउंट, म्हणजे फोटोभोवती जाड कागदाची चौकट असते ती. माउंटचा एक फायदा असतो. फोटोच्या कडेला फाटलं असेल, डाग असेल, तर तो झाकून टाकतो. समुद्राच्या फोटोत आईवडील वाळूत बसलेले, दहाएक वर्षांचा भाऊ मधे हसतोय, आणि खाली, अगदी कडेला, वाळूवर एक काळी सावली. दोन्ही कोपरं बाहेर काढून कुणीतरी उभं आहे, अशी. एवढा सुंदर फोटो आणि खाली हे ध्यान! मी माउंट खालून दोन इंच वर घेतला आणि सावली झाकून टाकली. झकास दिसायला लागला फोटो. स्वतःवरच खूश झालो मी.

गुरुवारी बाई बघायला आल्या. एका फ्रेमच्या कोपऱ्यात केसाएवढी फट होती, ती काढलीच शोधून. मग समुद्राची फ्रेम हातात घेतली. खालच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या.

"काय झालं? वाकडी आहे?" मी विचारलं.

"नाही, छान झालीय," बाई म्हणाल्या. मग हळूच, "खालून दोन इंच कमी झालंय का हो?"

"कमी कुठलं, चांगलं झालंय! खाली कुणाची तरी सावली आली होती. घाण दिसत होती. झाकून टाकली."

"हं," बाई म्हणाल्या. "कुणाची तरी." आणि फ्रेम खाली ठेवली.

पाटीवरच्या वेलांटीसाठी भांडणारी बाई दोन इंचांवर गप्प बसते, तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण नाही पडला. मला वाटलं, चला, एकदाचं बाईंना काहीतरी पसंत पडलं!

शनिवारी सकाळी फ्रेमा लावायला गेलो. मी स्टुलावर, बाई खाली. सात फ्रेमा बसल्या. मधली रिकामीही बसली. बाईंनी तिच्या काचेआड तो 'आपण सगळे'चा कागद सरकवून ठेवला होता, तोवर उघडी दिसू नये म्हणून. मग त्या चार पावलं मागे खिडकीपाशी गेल्या, सगळं एका रेषेत आहे का ते बघायला. पाठीमागून ऊन येत होतं. काचांवर मागचं ऊन चमकू नये म्हणून त्यांनी दोन्ही हात चष्म्यापाशी धरले, आणि त्यांची सावली समोर भिंतीवर पडली. दोन्ही कोपरं बाहेर.

समुद्राची फ्रेम माझ्या हातात होती. मी सावलीकडे बघितलं, फ्रेमकडे बघितलं. तीच सावली. आठ फोटोंत मिळून बाईंचं स्वतःचं असं जे काही होतं, ते मी झाकून वर त्याला घाण म्हटलं होतं. त्यांच्या तोंडावर.

"बाई, हिची पट्टी सैल झालीय," मी थाप मारली. "उद्या सकाळी नीट करून आणतो."

"उद्या ते लोक येतायत."

"त्यांच्या आधी आणतो."

दुकानात आलो, फ्रेम उघडली आणि नवा माउंट कापला. या वेळी खालची सगळी सावली दिसेल असा. नीट बघितलं तर ती किती छान होती! एका बाजूला वेणीसुद्धा दिसत होती. मान जरा तिरकी, म्हणजे पोरगी हसत असणार. मी ते आधी बघितलंच नव्हतं. मला फक्त कड दिसली होती.

रविवारी मी सकाळी लवकरच पोचलो, पण ती मंडळी माझ्याही आधी पोचलेली. हॉल भरून गेला होता. भाऊ मोठ्या आवाजाचा, ऐसपैस, हसरा. भावजय सोफ्यावर, भाच्या मोबाइलमध्ये. त्या भावाचा राग यावा असं त्याच्यात काहीही नव्हतं, तीच तर पंचाईत. मला बघून म्हणाला, "या काका, तुम्हीच का ते कलाकार!" आणि स्वतः उठून स्टूल धरलं.

मी समुद्राची फ्रेम लावली. बाईंचं लक्ष खाली सावलीवर गेलं, मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला वाटलं, अठ्ठावीस वर्षांची मेहनत फळाला आली.

तेवढ्यात भाऊ म्हणाला, "अरे वा, हा मी! पण काका, ही खाली कुणाची सावली राहिली? झाकता आली असती ना?"

मी तोंड उघडलं होतं. चांगलं सुनावणार होतो. पण बाईच आधी बोलल्या, "राहून गेलं असेल."

मग मी सामान आवरायला लागलो.

"आणि या मधल्या फ्रेममध्ये नुसता कागद का गं ताई?" भावानं विचारलं.

"त्यात आजचा लावायचाय," बाई म्हणाल्या. "सगळ्यांचा."

"मग आधी बोलायचं ना! चला, उठा उठा, या भिंतीसमोरच काढू," भाऊ ओरडला. सगळे उठले. बाईंनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. फोटोत काच चमकते ना, म्हणून. केसांवरून हात फिरवला आणि भिंतीकडे निघाल्या.

भावानं वाटेतच त्यांच्या हातात मोबाइल दिला. "घे ताई, आमचा एक काढ. तुझ्याइतका सरळ कुणालाच येत नाही."

बाई वाटेतूनच वळल्या. मग टेबलापाशी गेल्या, चष्मा उचलून पुन्हा डोळ्यांवर चढवला, आणि म्हणाल्या, "दोन इंच डावीकडे सरका. हं. आता हसा."

मी तिथेच होतो हो! दाराशी, पिशवी खांद्याला, दोन्ही हात मोकळे. एवढा तोंडाळ माणूस मी, 'द्या इकडे, मी काढतो, तुम्ही उभ्या राहा,' एवढं एक वाक्य मला सुचलं नाही. मला वाटलं, आता दुसरा काढतील, त्यात त्यांना घेतील. आणि परक्यांच्या घरात जास्त वेळ बरं दिसत नाही म्हणून मी निघालो. रस्त्याच्या कोपऱ्यावर पोचलो तेव्हा टाळकं ठिकाणावर आलं. धावत मागे आलो, तर इमारतीच्या दारातून त्यांची गाडी निघत होती. बाई हात हलवत उभ्या. भाऊ खिडकीतून ओरडत होता, "फोटो पाठवतो गं ताई!"

आम्ही दोघं जिना चढून वर आलो. हॉलमध्ये चहाचे कप तसेच पडले होते. मला धाप लागली होती, तरी मी खिशातून मोबाइल काढला. "बाई, उभ्या राहा भिंतीसमोर. मी काढतो तुमचा."

"एकटीचा काय काढायचा?" बाई म्हणाल्या.

त्यांनी मधल्या फ्रेममधून तो कागद ओढून काढला. टेबलावर ठेवला, लाल पेन घेतलं, 'आपण'वर एक सरळ रेघ मारली आणि बाजूच्या कोऱ्या जागेत लिहिलं, 'आम्ही'. अगदी छापखान्यात लिहीत असतील तसं, सुबक.

"पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या," त्या म्हणाल्या, "आणि घरातली एवढी मोठी दिसली नाही."

मग कागद परत काचेआड सरकवला.

या गोष्टीला चार महिने झाले. भावाचा फोटो अजून आलेला नाही. कामात असतो, बाई सांगतात. पाटीवरचं 'मिळतिल' मी रंगाऱ्याला बोलावून दुरुस्त करून घेतलं. ती दीर्घ, ठसठशीत, दुरूनसुद्धा दिसेल अशी. बाई रोज सकाळी त्या पाटीखालून जातात, पण वर बघत नाहीत.